कांगारूला चोर करा

चारा छावणीवर नाटक बसवायचंय? बसवा की! फक्त माणसं घेऊ नका, जनावरं घ्या. माणूस घेतला की त्याला आडनाव लागतं, आणि आडनाव आलं की मोर्चा येतो.

छावणीचालकाला वाघ करायचा मोह होईल, तो आवरा. साहेब बॅनरवर बारा महिने वाघच असतात. पहिल्याच प्रवेशाला ते स्वतः टाळ्या वाजवतील आणि तुमच्या नाटकाचा सत्कार समारंभ होईल. कोल्हा घेतलात तर तालुक्यातले निदान पाच जण 'हा मीच' म्हणत भांडायला येतील. सगळ्यात बिनधोक कांगारू. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत तो सापडत नाही, त्यामुळं कुणाच्याच भावना दुखत नाहीत. पोटाची पिशवी तेवढी शिवून टाका, नाहीतर लोक नाटक सोडून पिशवीत काय आहे तेच बघत बसतात. तपासणी अधिकारी म्हणून बगळा ठेवा, पण त्याला बोलायला लावू नका.

संहितेत आकडे नकोत. 2019 च्या दुष्काळात मे महिन्यात छावणीचं अनुदान मोठ्या जनावरामागं दिवसाला 100 रुपये आणि लहानामागं 50 रुपये झालं होतं. हे रंगमंचावरून बोललात की मागच्या रांगेतलं आठवीतलं पोरगंसुद्धा बोटं मोजायला लागतं: दोनशे वासरं कागदावर बैल केली तर दिवसाचे 10,000, महिन्याचे 3,00,000. वासराचा बैल व्हायला गोठ्यात काही वर्षं जातात, रजिस्टरात पेनाचा एक फराटा पुरतो. हे सगळं गाळा. त्या जागी 'भ्रष्टाचार ही कीड आहे' हे वाक्य टाका. त्यावर साहेबही मान डोलावतात.

प्रयोगाआधी संहिता परीनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडं, पाठवायची असते. कात्रीला भिऊ नका. तुम्ही घरीच इतकं कापलेलं असेल की मंडळाच्या हाताला काही लागायचं नाही.

मुखवटे मात्र जातीनं बघा, सगळी मेख तिथंच आहे. मातीच्या साच्यावर आधी नुसत्या ओल्या कागदाचा थर (खळ न लावता), म्हणजे मुखवटा सुटून येतो. मग मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे चार-पाच थर. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर कीड लागते. (संहितेतली नव्हे, खरी.) सावलीत वाळवा. एप्रिलच्या उन्हात ठेवलात तर वरचा थर आधी आखडतो आणि बैलाचं तोंड वाकडं होतं. जाणकार सांगतील, मुखवटा वरच्या ओठापाशी कापा, म्हणजे नटाचा आवाज मोकळा येतो. म्हणूनच कापू नका! पूर्ण तोंड झाकलं की 'मालक, चारा कुठंय?' ह्याचं नुसतं 'हूं हूं' होतं, आणि 'कागदावर हाय' हे उत्तर तर पहिल्या रांगेलाही कळत नाही. एवढं करूनही कुणाला ऐकू गेलंच, तर जनरेटर विंगेला खेटून लावा.

राहिला कळप. छावणीत चाळीस बैल दाखवायचे, तर चाळीस नट आणायचे कुठून? चौघं बास. डाव्या विंगेतून आत, उजवीकडून बाहेर, मागच्या पडद्याआडून पळत पुन्हा डावीकडं, अशा दहा फेऱ्या. पडद्यामागं तीन-चार फूट मोकळी वाट ठेवा आणि पायात चपला नकोत, फळ्या वाजतात. दर फेरीला जनावराच्या सरकारी ओळखीचा कानातला पिवळा बिल्ला बदलायचा. त्यावर बारा आकडे असतात. शेवटचे दोन खडूनं लिहा, पुसून पुन्हा लिहिता येतात. पाचव्या फेरीला गडी धापा टाकायला लागतात, घाईत एखादा सशाचा बिल्ला लावून येतो. अडलंच तर मध्यंतरात साहेबांच्या माणसांना विचारा. बिल्ला झटक्यात कसा बदलायचा, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.