आम्ही पाडलेला उजेड

जुन्या स्कूटरच्या हेडलाइटचा नियम एकच: गाडी जितकी पळेल तितका उजेड. ऐकायला बरं वाटतं. पण अंधार पडल्यावर गंगाखेड-परभणी रस्त्यावर माणूस पळवेल की हळू चालवेल? हळूच. का, तर दिसत नाही. आणि दिसत का नाही, तर हळू चाललाय म्हणून. समोर खड्ड्याची शंका आली की आपण अ‍ॅक्सिलेटर सोडतो, त्याबरोबर दिवा मान टाकतो आणि ऐन खड्ड्याच्या तोंडावर काळोख. खड्ड्यात जायचं ते जाऊन आपण बाहेर पडतो, गाडी ओढायला लागतो, की दिवा पुन्हा लख्ख. जसं काही झालंच नाही.

यात बिघाड म्हणावा असं काही नसतं. त्या काळची रचनाच तशी. इंजिनाबरोबर फ्लायव्हील फिरतं, त्याला आतून चुंबकं, मधल्या प्लेटीवर तारेच्या कॉइल. फ्लायव्हील फिरलं की वीज तयार, आणि तयार झाली की थेट बल्बात. मध्ये बॅटरीबिटरी काही नाही. साठवणूक नाही, शिल्लक नाही, सगळा रोखीचा व्यवहार. त्याहून जुन्या गाड्यांत सगळा कारभार 6 व्होल्टवर चाले. आमची 12 व्होल्टची, 35 वॅटचा बल्ब, म्हणून आप्पांना तिचा फार अभिमान. ते रात्री चौकात थांबले तरी पहिल्या गिअरात क्लच दाबून इंजिन रेस करत उभे राहायचे. लोकांना वाटायचं यांना घाई आहे. त्यांना फक्त समोरचं बघायचं असायचं.

त्यात आमचा मुलूख. माती काळी, डांबर काळं, म्हैस काळी. म्हैस रस्त्यात बसली की ती रवंथ करते तेवढ्यावरून ओळखायची. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी उसाखाली झाकलेला. पण ट्रॅक्टरवाल्याची गाणी फर्लांगभर ऐकू येतात, तेवढी एक सोय आहे. मी कित्येक हिवाळे या रस्त्यावर गाडी कानांनीच चालवली.

हेडलाइट बदलायचा, असं घरात बोलून गेलो आणि सल्ल्यांची रांग लागली. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला. त्याच्या मागोमाग इतक्या कंपन्या आल्या, की मराठवाड्यातल्या दर दुसऱ्या घरातला कुणी ना कुणी तिकडे ‘कंपनीत’ लागला आणि उरलेल्या कुटुंबाला दुचाकीतलं सगळं कळू लागलं. आमच्याकडे हे पद मेहुण्यांकडे आहे. ते तिकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. ते म्हणाले, “दाजी, हॅलोजन टाका. साठ वॅट. समोरच्याचे डोळे दिपले पायजेत.”

हॅलोजन टाकला. आता कॉइलमधून निघणारी वीज ठरलेली, तिच्यावर जेवणारा मात्र जवळजवळ दुप्पट खाणारा. दिवा लावला तर बल्बातली तार नुसती तांबडी झाली. उदबत्ती पेटली आहे की नाही हे जसं जवळ जाऊन बघतात, तसं शेजारचे काका वाकून बघून गेले. मेहुण्यांना फोन केला तर म्हणाले, “मग कंपनीला कळवा.” कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

बायको म्हणाली, “अहो, विकून टाका की. नवीन गाड्यांना दिवसासुद्धा लाइट चालू असतो.” हे खरं आहे, पण आप्पांच्या गाडीबद्दल असं बोलायचं नसतं.

मग उस्तादांकडे गेलो. आमच्या भागात या स्कूटरी उघडणारे हात आता मोजकेच उरलेत, आणि उस्ताद उघडण्यात पटाईत आहेत. मिटवायला वेळ लागतो. त्यांच्या गॅरेजची पाटी पुसली गेली आहे, पण तत्त्व शाबूत आहे: बनी तो बनी, नाही तो परभणी. त्यांनी होल्डर काढला, काच पुसली, डूममध्ये, म्हणजे दिव्याच्या वाटीत, डोकावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. डॉक्टर असा गप्प बसला की मला घाम फुटतो.

“सर, एलईडी डालना पडता,” शेवटी ते म्हणाले.

एलईडी वीज कमी खातो, हे बरोबर. पण त्याला लागते डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. आमची गाडी बनवते एसी, म्हणजे आत्ता इकडून, आत्ता तिकडून. नुसता बल्ब बसवून गाडी सुरू केली तर तो फडफडायला लागला. अर्ध्या वेळेला पेटायचा, अर्ध्या वेळेला विझायचा. गॅरेजसमोरून चाललेला माणूस तुकड्यातुकड्यांनी चालताना दिसला. पोरं जमली. एकानं नाचून दाखवलं.

तर एसीची डीसी करणारा रेक्टिफायर बसवायचा ठरला. इथं खरं दुखणं निघालं. कॉइलचं एक टोक गाडीच्या अंगालाच टेकवलेलं असतं, म्हणजे अर्थिंग केलेलं. सगळी वीज डीसी करून घ्यायची तर ते टोक तिथून सोडवून, वेगळी वायर झाळून बाहेर आणावं लागतं. नाहीतर अर्धीच हाती लागते. ते टोक असतं प्लेटीवर, प्लेट असते फ्लायव्हीलच्या आत, आणि फ्लायव्हील निघतं ते ओढून काढायचं हत्यार, म्हणजे पुलर, लावल्यावर. पुलर उस्तादांच्या चुलतभावाकडे होता. चुलतभाऊ लग्नाला जिंतूरला गेला होता. बल्ब बदलायला गेलेला मी जिंतूरच्या लग्नाची तिथी विचारत होतो.

वाट बघताना चहा झाला, दुसरा झाला. बोलायचं काय म्हणून मी उस्तादांना सांगितलं, की ही गाडी ज्या घराण्यातली, ती व्हेस्पा 1946 साली इटलीत पियाज्जोनं काढली. आखणारा कोर्रादिनो द’अस्कानिओ हा विमानांचा इंजिनिअर, त्याला मोटरसायकल हा प्रकारच आवडत नसे. आणि पहिल्या व्हेस्पांना दिवा हँडलवर नव्हता, पुढच्या मडगार्डवर होता.

उस्तादांनी बशीतला चहा संपवला. “मतलब गड्ढे नजदीक से दिखते थे.”

म्हटलं, इंग्लंडमध्ये डग्लस कंपनी 1951 पासून ती बनवायला लागली, तेव्हा तिथल्या कायद्याला दिवा इतका खाली चालेना, म्हणून उचलून वर पुढच्या पत्र्यावर बसवावा लागला.

“लाइट कितना ऊपर होना, ये भी कायदे में?” उस्ताद खरोखर हादरले. “अपने यहाँ तो लाइट होना या नहीं होना, इसका भी कोई पूछता नहीं.”

चुलतभाऊ आला, पुलर आला, फ्लायव्हील निघालं. वायर झाळली, रेक्टिफायर-रेग्युलेटर बसला, डिक्कीत 12 व्होल्टची छोटी बॅटरी आली. त्या गडबडीत हॉर्न मुका झाला, कारण जुना हॉर्न एसीवर बें-बें करणारा, त्याला डीसी मानवेना. मग हॉर्न नवा. खर्चाचा आकडा अजून घरात फुटलेला नाही, म्हणून इथंही देत नाही.

तरी उजेड रस्त्यावर पडेना. कडुलिंबाच्या शेंड्यावर पडत होता, गटारावर पडत होता, माझ्या चष्म्यावर पडत होता. डूममधला आरसा असा घडवलेला असतो की जुन्या बल्बाची तार जिथं असते, नेमक्या त्या बिंदूतून निघालेला उजेडच सरळ पुढे जातो. एलईडीचे ठिपके दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे झाले की सगळी फेक विस्कटते. बाजारात ठिपके अगदी तारेच्या जागी ठेवलेले बल्बही मिळतात, ते जरा महाग असतात, आणि दुकानदार ते शेवटी दाखवतो.

तो बसवल्यावर फोकस लावायचं काम घरी केलं. शेजारच्या काकांच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूची रेघ मारली, बायकोला मागच्या सीटवर बसवलं, कारण वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं. डिपरवर उजेड रेघेच्या जरा खाली पडायला हवा. मी स्क्रू फिरवतोय, बायको “अजून किती वेळ बसू?” विचारतेय, आणि भिंतीपलीकडून काका ओरडतायत, “आरं, खिडकीत मारू नका, मी कपडे बदलायलोय!” रेघ त्यांच्या भिंतीवर अजून आहे. ते ती पाहुण्यांना दाखवतात.

आता रस्ता दिसतो. हे सुख मला वाटलं होतं तितकं सरळ नाही. पूर्वी जे खड्डे नुसते लागायचे, ते आता आधी दिसतात आणि मग लागतात. रस्त्यावर साप किती असतात हे मला या वयात कळायला नको होतं. एका गावाच्या वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ अशी पाटी आहे. तिच्यावर माझा उजेड पडला आणि पाटीखालून टमरेलं सावरत एकेक मंडळी उभी राहिली. त्यात एक ओळखीचे निघाले. आम्ही दोघांनीही ओळख दाखवली नाही. समोरून येणारे ट्रकवाले डिपर मारतात. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी डिपर मारला, तेव्हा मी आभार मानल्यासारखा हात केला होता.

परवा पोखर्णीच्या फाट्यावर चार जण रस्त्यात येऊन हात करायला लागले. थांबलो. नृसिंहाचं दर्शन करून परतणारी मंडळी, पिशव्या, एक पोतं. एकच दिवा चालू असलेली काळी-पिवळी आमच्याकडे रोजची, तेव्हा त्यांचा हिशेब काही चुकीचा नव्हता. जवळ येऊन एका आजीनं माझ्याकडे बघितलं, मागे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

“जीप कुठंय?”

“आजी, स्कूटर आहे ही.”

“मग येवढा लाइट कामून लावलास? मघापासून आमी पिशव्या उचलून उभे राह्यलोत.”

मी काहीतरी डीसीबद्दल सांगायला गेलो. तोवर आजींनी पिशवी माझ्या पायाशी ठेवली होती आणि त्या मागे बसल्या होत्या. “परभणीचे किती घेतूस?”

म्हटलं, “काही नको.”

आजी उतरायलाच लागल्या. फुकट नेणाऱ्याचा त्यांना भरवसा नव्हता. मग वीस रुपये ठरले. पिशवीचे वेगळे नाहीत.