‘जर्सी ही गायच नव्हे’ म्हणणाऱ्यांसाठी

दर दोन-चार महिन्यांनी हा मेसेज नव्याने फिरायला लागतो. कधी गावच्या ग्रुपवर, कधी पुण्यामुंबईच्या नातेवाइकांकडून ‘जनहितार्थ’ म्हणून. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. जर्सी ही गाय नाहीच. युरोपात ‘उरस’ नावाच्या जंगली जनावराचा डुकराशी संकर करून तिला प्रयोगशाळेत बनवलं. तिला वशिंड नाही, म्हणून सूर्यकेतू नाडी नाही, म्हणून दुधात सोन्याचा अंश नाही. तिचं दूध पाण्यासारखं पातळ, वर ‘ए१’ म्हणजे विष. त्याने मधुमेह आणि कॅन्सर होतो. इंजेक्शनशिवाय ती दूध देत नाही. आणि शेवटी: शुद्ध देशी ए२ तुपासाठी खालच्या नंबरवर संपर्क साधा.

माझ्या गोठ्यात जर्सी आहेत आणि एक खिल्लारही आहे. देशी गाईचं मला वावडं नाही. पण या मेसेजमुळे रतिबाची चार घरं ‘तुमचं दूध कुठलं हो?’ असं विचारायला लागली, तेव्हा एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावं म्हटलं.

डुकरापासून सुरुवात करू. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रं असतात, डुकराच्या ३८. घोडा ६४ आणि गाढव ६२, इतक्या जवळच्या दोघांचं खेचरसुद्धा वांझ निघतं. गाय आणि डुक्कर यांचा तर गर्भच राहत नाही, प्रयोगशाळा कितीही भारी असो. जर्सीची गुणसूत्रं मोजली तर ६० भरतात, देशी गीरची मोजली तरी ६०. जर्सी वळूची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, भरून गीर गाय गाभण राहते, तिची कालवड पुढे माजावर येते, फळते, विते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तिघींच्या रक्तातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली आणि तिच्या पुढच्या पिढ्याही वाढवल्या. जनावर वेगळ्या जातकुळीचं असतं तर हे पहिल्याच पिढीत थांबलं असतं.

‘उरस’ मात्र खरा आहे. तो युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेत हिंडणारा रानबैल; शेवटचा १६२७ मध्ये पोलंडच्या जंगलात मेला. गंमत अशी, की जगातली जवळपास सगळी गाईगुरं त्याच्याच वंशातली. त्याची पश्चिमेकडची शाखा साधारण दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाळली, तिच्यातून बिनवशिंडाची गुरं आली. आपल्याकडची शाखा त्यानंतर सिंधूच्या खोऱ्याकडे माणसाळली, तिच्यातून वशिंडवाली आली. म्हणजे जर्सीचा पूर्वज रानबैल म्हणून ती गाय नसेल, तर माझी खिल्लारही गाय नाही.

आता ‘संकर’. जर्सी हे इंग्लिश खाडीतलं, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवरचं चिमुकलं बेट. आकार जेमतेम ११८ चौरस किलोमीटर, आपला एखादा तालुका त्याच्या दहापट भरेल. फ्रान्सची गुरं या बेटावर उतरवून, जकात चुकवून, पुढे इंग्लंडात ‘जर्सी’ म्हणून खपवण्याचा धंदा तिथे सुरू झाला होता. त्याला आळा घालायला बेटाने अठराव्या शतकात कायदे केले, आणि १७८९ च्या कायद्याने बाहेरची गाय बेटावर आणणंच बंद झालं. आणणाऱ्याला दंड, नाव जप्त, जनावराची कत्तल. बाहेरच्या वळूचं वीर्य आणायला परवानगी मिळाली ती थेट २००८ साली. दोनशेहून जास्त वर्षं ज्या जातीत बाहेरचं रक्त येऊ दिलं नाही, तिला ‘संकर करून बनवलेली’ म्हणायचं, याला धाडस लागतं.

नोंदही तशीच. चांगली गाय कशी असावी, तिची कास कशी, सड कसे, पाठ कशी, याची गुण देऊन तपासायची यादी बेटावर १८३४ मध्ये झाली. १८६६ मध्ये वंशावळीची वही सुरू झाली. अमेरिकेतला जर्सी क्लब १८६८ चा. नोंदणीकृत शुद्ध जर्सी म्हणजे जिचे आई आणि बाप दोघेही वहीत आहेत, जिच्या कानात नंबर आहे, आणि जिच्या वेतावेताचं दूध, फॅट, प्रथिनं लिहून ठेवलेली आहेत अशी गाय. वळूची किंमत त्याच्या रुबाबावर ठरत नाही; त्याच्या लेकींनी किती दूध दिलं, त्यांची कास किती वेतं टिकली, यावर ठरते.

इथे खरी फजिती आपली आहे, आणि मेसेजला तिचा पत्ताही नाही. आपल्याकडे गोठ्यातली कुठलीही बिनवशिंडाची गाय ‘जर्सी’ असते. काळी-पांढरी दिसली तर ती होल्स्टिनची संकरित, तिलाही लोक जर्सीच म्हणतात. खरी जर्सी हरणाच्या रंगाची, बुटकी, चारशे-साडेचारशे किलोची, बशीसारखा खोलगट चेहरा, टपोरे डोळे, काळं नाक आणि त्याभोवती पिठात बुडवल्यासारखं पांढुरकं कडं. काष्टी-लोणीच्या बाजारात ‘एकदम प्युअर’ हे शब्द सर्रास ऐकू येतात. कागद विचारला की विकणारा गाईच्या पाठीवर थाप मारतो. तोच कागद खरं तर कांडीपासून सुरू होतो. कांडीवर बारीक अक्षरांत वळूचा नंबर, जात, वीर्यकेंद्राचं नाव आणि तारीख छापलेली असते. नायट्रोजनच्या भांड्यातून कांडी काढली, ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली, पुसली, गाय भरवली आणि रिकामी नळी उकिरड्यावर फेकली, की त्या कालवडीचा बाप कायमचा गेला. कानात बारा आकडी बिल्ला असतो, पण त्याच्यापुढे वळूचा नंबर आणि आईचं दूध कुणी चढवलंच नाही तर तो नुसता बिल्ला. मी रिकाम्या कांड्या वहीत चिकटपट्टीने लावून ठेवतो, खाली गाईचं नाव आणि तारीख. नोंदणी म्हणजे हेच, फक्त दीडशे वर्षं न चुकता.

सूर्यकेतू नाडीचा मुद्दा लवकर उरकतो. वशिंड हा स्नायू आणि चरबीचा उंचवटा आहे. शवविच्छेदन केलेल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा, आत सोनं बनवणारी नाडी सापडत नाही. दुधाला पिवळी झाक येते ती हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटिनमुळे. म्हैस कॅरोटिनचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंफेक. गाय थोडं कॅरोटिन तसंच फॅटमध्ये सोडते. आणि पिवळेपणात जगात नाव आहे ते नेमकं जर्सीच्या आणि तिच्या शेजारच्या गर्न्सी बेटावरच्या गाईच्या दुधाचं. उन्हाळ्यात लसूणघास संपला आणि नुसत्या कडब्यावर आलं की माझ्याच गाईंचं लोणी फिकं पडतं. पिवळेपणा हाच सोन्याचा पुरावा असेल, तर हा मेसेज जर्सीची जाहिरात आहे.

दूध पातळ? जर्सीचं फॅट पावणेपाच-पाचच्या आसपास असतं. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरतात. पातळपणाची तक्रार दुसऱ्या गाईबद्दल असेल, किंवा दूधवाल्याच्या बादलीबद्दल.

आता ए१. यावर जास्त बोलायला हवं, कारण इथे मेसेजमध्ये थोडं खरं मिसळलेलं आहे. दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाची साखळी २०९ दुव्यांची. ६७ व्या जागी प्रोलीन असेल तर ए२, हिस्टिडीन असेल तर ए१. मूळचं रूप ए२. ए१ हा युरोपच्या गुरांत हजारो वर्षांपूर्वी झालेला बदल. ए१ पचताना बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटतो, आणि सगळा संशय त्याच्यावर आहे. काही देशांत ए१ दूध जास्त आणि लहानपणीचा मधुमेहही जास्त, असं १९९० च्या दशकात दिसलं, त्यावरून ही चर्चा पेटली. पण दोन गोष्टी एका गावात नांदतात म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं, की हा तुकडा आणि मधुमेह, हृदयविकार वगैरे रोग यांत कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. दुधाने पोट बिघडतं अशी तक्रार असलेल्या लोकांना ए२ दुधाने गॅस, पोटफुगी कमी झाल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. कुणाला ते सोसत असेल तर त्याने खुशाल तेच प्यावं. त्याला ‘विष’ म्हणायचं कारण नाही.

शिवाय ‘जर्सी म्हणजे ए१’ हे समीकरणच चुकीचं. प्रत्येक गाईत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. जर्सीत ए२ होल्स्टिनपेक्षा जास्त सापडतं, आणि पुष्कळ जर्सी वळू ए२ए२ असतात. वळूंच्या कॅटलॉगमध्ये ते छापलेलं असतं. ए२ए२ गीर गाईला ए२ए२ जर्सीची कांडी भरली, तर कालवड ए२ए२च होणार. वळू ए१ए२ निघाला तर निम्म्या लेकी ए१ए२. हे केसाच्या नमुन्यावरून तपासता येतं. वशिंडाकडे बघून ठरत नाही.

इंजेक्शनचा आरोप तर उलटाच आहे. धार काढण्याआधी टोचतात ते ऑक्सिटोसिन. ते दूध तयार करत नाही, तयार असलेलं खाली सोडतं. कासेला हात लागला, बादलीचा आवाज आला, की गाईच्या मेंदूतून हेच द्रव्य सुटतं, मिनिटाभरात पान्हा येतो आणि पाच-सात मिनिटं टिकतो. देशी गाय आणि म्हैस वासराशिवाय सहसा पान्हवत नाही. वासरू मेलं की टोचायचा मोह होतो तो तिथे. जर्सीला पिढ्यान्‌पिढ्या वासरू वेगळं ठेवून पिळण्यासाठी निवडलंय, तिला वासरू लागत नाही, मग सुई कशाला? आणि असं टोचणं प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, गाय कुठलीही असो.

जर्सीची धार नीट काढायची तर सुई नाही, शांतता लागते. सड धुवायचे, कोरडे पुसायचे. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात घ्यायच्या. काळ्यावर दुधाची बारीकशी गुठळी लगेच दिसते, आणि दगडी, म्हणजे कासेचा आजार, सुरू होतेय हे कास तापण्याआधी कळतं. मग पान्हा आहे तोवर पूर्ण पिळून घ्यायचं. शेवटी सड आयोडीनमध्ये बुडवायचे आणि गव्हाणीत वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास तरी बसत नाही. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. मध्येच कुणी आरडाओरडा केला, कुत्रं घुसलं, की गाय घाबरते आणि पान्हा चोरते. मग सुईवाल्यांची आठवण येते.

जर्सीबद्दल खऱ्या तक्रारी करायच्याच असतील, तर त्या आहेत, आणि या मेसेजमध्ये त्यातली एकही नाही. शुद्ध जर्सी होल्स्टिनपेक्षा ऊन बरं सोसते, पण विदर्भ-मराठवाड्याचा मे महिना तिच्या बेटावर नव्हता. सावली, फॉगर, मुबलक पाणी नसेल तर ती धापा टाकते, दूध उतरतं आणि माज दिसेनासा होतो. गोचीड ताप देशी गाय बहुधा झेलते. जर्सी आणि संकरित गाय त्यात मरते. व्याल्यानंतर दुधातून कॅल्शियम जातं आणि दुग्धज्वर होतो, त्यात जर्सी सगळ्यांत पुढे. विऊन एखाद-दुसरा दिवस झालेली गाय उठत नाही, मान कुशीकडे वळवून बसते, कान गार लागतात. अशा वेळी तोंडाने काही पाजू नये, ते फुप्फुसात जातं. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम सोडलं तर तासाभरात उठून उभी राहते. ही सगळी किंमत धरूनच शुद्ध जर्सी पाळायची की नाही ते ठरवावं. लहान चणीच्या गावठी गाईवर मात्र जर्सीची कांडी बरी पडते, कारण वासरू छोटं, पंचवीसेक किलोचं, आणि विताना अडत नाही.

सगळ्यांत मोठी अडचण गोऱ्ह्याची, म्हणजे नर वासराची. संकरित बैल उन्हात खिल्लारासारखा टिकत नाही, शेतात ट्रॅक्टर आला, आणि २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. मग चीक संपला की तो गोऱ्हा कुठे जातो, हे प्रत्येक गावातल्या रस्त्यावर दिसतं. लिंगवर्गीकृत कांडीने शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात, पण ती महाग, आणि तिच्याने गाय गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी. यावर कुणी मेसेज लिहिला तर मी स्वतः तो पुढे पाठवीन.

राहिलं ते शेवटच्या ओळीतलं ए२ तूप. ए१ आणि ए२ हा प्रथिनाचा फरक. लोणी कढवून, बेरी गाळून काढल्यावर तुपात उरते ती चरबी. प्रथिन जवळपास नाहीच. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे ए१-ए२ दावे काढायला सांगितलं, तेव्हा हेच कारण दिलं होतं. पाच दिवसांत तो आदेश मागे घेतला गेला. पण आदेश मागे घेतला म्हणून तुपात केसीन आलं असं होत नाही. देशी गाईचं तूप घ्यायचं तर चवीसाठी घ्या, वासासाठी घ्या, ती गाय सांभाळणाऱ्याच्या पदरात चार पैसे पडावेत म्हणून घ्या. किलोमागे दोन-तीन हजार रुपये ‘ए२’ या दोन अक्षरांसाठी मोजत असाल, तर तुम्ही डब्यात नसलेल्या वस्तूचे पैसे देताय.