‘कोड आला तो पार्ट बदला’ हा सल्ला महागात का पडतो

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की काय करावं, याचा एक मेसेज गाडीमालकांच्या ग्रुपांमधून फिरत असतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: चार-पाचशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि मोबाइलवर कोड वाचा. कोडपुढे ज्या पार्टचं नाव येईल (पी ०१७१ ला ऑक्सिजन सेन्सर, पी ०३०१ ला कॉइल, पी ०४२० ला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तो ऑनलाइन मागवून बदला आणि कोड पुसून टाका. स्कॅनर नसेल तर बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा. त्याआधी पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करून बघा. आणि पीयूसी पास होत असेल तर दिव्याकडे लक्षच देऊ नका.

स्कॅनर घ्या, हे बरोबर आहे. १ एप्रिल २०१३ पासून आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीनं आपले दोष ठरलेल्या कोडमध्ये नोंदवायची पद्धत) सक्तीचं झालं. त्यामुळे त्यानंतरच्या स्विफ्ट, वॅगनआर, आय-१०, टियागोसारख्या गाड्या साध्या अ‍ॅपवरही इंजिनचे सर्वसाधारण कोड दाखवतात. एबीएस आणि एअरबॅगचे कोड मात्र स्वस्तातल्या स्कॅनरला बहुधा दिसत नाहीत, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना (वायरींच्या जोडांना) घरी हात लावायचाही नसतो. काम झालं की स्कॅनर सॉकेटमधून काढा. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर कायम बॅटरीचा करंट असतो, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरलेली मिळू शकते. मेसेजमधलं यापुढचं जवळजवळ सगळं चूक आहे.

“कोडपुढे ज्या पार्टचं नाव येईल तो बदला”

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, पार्ट दिसत नाही, त्याला दिसतं फक्त व्होल्टेज. ते ठरलेल्या हद्दीबाहेर ठरावीक वेळ राहिलं की कोड पडतो. उदाहरणार्थ पी ०१३५. याचा अर्थ पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरला ते बघणाऱ्या सेन्सरच्या) हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किट म्हटलं की त्यात फ्यूज, वायर, कपलर आणि अर्थिंग हे सगळं आलं, आणि शेवटी हीटर. पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला आलेल्या उंदरानं वायर कुरतडली तरी हाच कोड येतो, आणि हजारो रुपयांचा नवा सेन्सर बसवूनही दिवा तसाच राहतो. म्हणून आधी फ्यूज बघा. मग कपलर सोडून, इंजिन चालू ठेवून, गाडीच्या बाजूच्या पिनवर बॅटरीइतकं व्होल्टेज येतं का ते मोजा. ते येत असेल तर थंड सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स मोजा. सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या ज्या दोन वायरी असतात, त्या सहसा हीटरच्या. मीटरवर काही ओहम दिसले तर हीटर शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, तरच सेन्सर गेला म्हणायचं.

कूलंट टेंपरेचर सेन्सरचा पी ०११८ तर याहून सोपा आहे. हा कोड असताना अ‍ॅपवर कूलंटचं तापमान बहुतेक वेळा उणे ४० दिसतं, आणि रेडिएटरचा फॅन इंजिन गार असतानाही फिरत राहतो. उणे ४० म्हणजे कुठेतरी सर्किट तुटलं आहे, पण कुठे तुटलं ते एका मिनिटात कळतं. इग्निशन ऑन करा, इंजिन बंदच ठेवा आणि सेन्सरचा कपलर काढा. बारीक वायरच्या तुकड्यानं कपलरच्या दोन्ही पिना जोडा, मात्र पिना फाकतील इतकं जाड काही खुपसू नका. स्क्रीनवरचा आकडा उणे ४० वरून थेट १२०-१३० च्या पुढे गेला तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक आहेत, बिनधास्त सेन्सर बदला. आकडा जागचा हललाच नाही तर वायर तुटलेली आहे किंवा कपलरची पिन आत सरकली आहे. मग नवा सेन्सर आणून काहीही होणार नाही. सेन्सर बाहेर काढून मोजायचा असेल तर बहुतेक गाड्यांत २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. तीन वायरींच्या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा असतो, तिथे पिना जोडू नका.

“पी ०१७१ आला तर ऑक्सिजन सेन्सर बदला”

पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं आहे. हे आपल्याला सांगतो तो ऑक्सिजन सेन्सरच, आणि बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो. तो जिवंत आहे का, हे बघायला इंजिन पूर्ण गरम करा आणि न्यूट्रलमध्ये एकदम रेस देऊन सोडा. साध्या चार वायरींच्या सेन्सरचं व्होल्टेज आधी ०.८ च्या वर उडी मारतं आणि रेस सोडल्यावर ०.१ च्या आसपास पडतं. असं झालं तर सेन्सरला हात लावायचं कारण नाही.

आता अ‍ॅपवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे मिश्रण सुधारायला ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते, एकत्र बघा. दोन्हींची बेरीज १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. ती +२० ते +२५ टक्क्यांच्या घरात गेली की कोड पडतो. बेरीज कुठल्या परिस्थितीत वाढते, त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) वाढून २,५०० आरपीएमला उतरत असेल तर थ्रॉटलनंतर (इंजिनची हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेनंतर) कुठून तरी हवा शिरते आहे: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गास्केट, उघडा अडकलेला परज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप). पण हा नियम हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांचा आहे, आणि इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ त्याच गाड्यांवर केलेले असतात. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो, मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा एमएपी असतो. अशा गाडीत चोरून शिरलेली हवाही एमएपीला कळते आणि ईसीएम तिच्या हिशेबानं पेट्रोल वाढवतो. मिश्रण फारसं पातळ होत नाही, आयडलिंग मात्र चढं राहतं. म्हणून अशा गाडीला पी ०१७१ आला की व्हॅक्यूम पाइप शोधत दिवस घालवण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, पेट्रोलचा पुरवठा. चढावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरला दाबून चालवताना ट्रिम वाढत असेल तर टाकीतल्या पंपाची जाळी, फिल्टर किंवा पंपच दमला आहे. रिटर्न लाइन नसलेल्या बऱ्याच गाड्यांत प्रेशर ३ ते ४ बार असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि गेज लावून मोजा, अंदाजानं पंप बदलू नका. दुसरी, सेन्सरच्या आधी लीक झालेला एक्झॉस्ट. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं. सकाळी थंड इंजिनला टिक-टिक आवाज येऊन गरम झाल्यावर कमी होत असेल, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीची रेघ दिसत असेल, तर दोष तिथे आहे.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत आणखी एक शक्यता असते. गॅसवर चालतानाही मूळ ईसीएम ट्रिम शिकत राहतो. किटचं ट्यूनिंग बिघडलं असेल, गॅस फिल्टर चोंदला असेल, तर त्याची शिक्षा पेट्रोलच्या कोडच्या रूपानं मिळते. कोड लिहून घेऊन पुसा आणि १००-१५० किलोमीटर गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. कोड परत आला नाही तर आधी किटवाल्याकडे जा.

“पी ०३०१ म्हणजे कॉइल गेली”

पी ०३०१ म्हणजे १ नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही (पी ०३०२ म्हणजे २ नंबरच्या). ठिणगी देणारी कॉइल गेली असेलही, पण पैसे देण्याआधी खात्री फुकट होते. इंजिन बंद करून १ नंबरची कॉइल २ नंबरवर आणि २ नंबरची १ वर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी ०३०२ आला तर कॉइलच खराब. पी ०३०१ च राहिला तर याच पद्धतीनं प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर. तिन्ही निर्दोष निघाले तर कॉम्प्रेशन बघायचं: सगळे प्लग बाहेर, इंजेक्टरांचे कपलर काढलेले, रेसचा पेडल पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली. एका सिलिंडरला आकडा बराच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल बसत जातात, टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. आयडलिंगला मिसिंग, वेगात ठीक, अशी तक्रार असेल तर टॅपेट मोजून घ्या. अशा गाड्यांवर कॉइलमागून कॉइल बदललेल्या दिसतात, आणि दोष एका फीलर गेजनं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सापडणारा असतो.

“पी ०४२० आला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला”

पी ०४२० म्हणजे एक्झॉस्टमधला विषारी धूर साफ करणारा कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असं ईसीएमला वाटतं आहे. छोट्या गाडीतल्या सगळ्यात महागड्या पार्टांपैकी हा एक आहे, म्हणून घाई नको. इंजिन पूर्ण गरम करून २,५०० आरपीएमला दोन-तीन मिनिटं धरा आणि कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा. तो ०.६-०.७ व्होल्टवर जवळपास स्थिर असेल तर कन्व्हर्टर काम करतो आहे. मग एक्झॉस्टचा लीक किंवा मागचा सेन्सर तपासा. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच भराभर खालीवर होत असेल तर कन्व्हर्टर खरंच थकला आहे. तरीही तो का थकला हे शोधा. मिसफायर किंवा ऑइल जळणं, ही नेहमीची कारणं. ते न शोधता नवा बसवला तर तोही त्याच वाटेनं जाईल.

“टर्मिनल काढा, दिवा जातो”

दिवा जातो, आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो. कोड पडला त्या क्षणाचं आरपीएम, वेग, तापमान, लोड आणि ट्रिम हे सगळं ईसीएम फ्रीझ फ्रेममध्ये साठवतो. बिघाड थंड इंजिनला झाला की घाटात, हे त्यावरूनच कळतं. टर्मिनल काढलं की ते पुसलं जातं, शिकलेलं आयडलिंगही बऱ्याच गाड्यांत जातं आणि गाडी काही वेळ आचके देते. म्हणून पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम दोन्हींचे स्क्रीनशॉट काढा. दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन निर्दोष ड्राइव्ह सायकलींनंतर (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांनंतर) दिवा आपोआप विझतो.

एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड आले तर मात्र बॅटरीकडेच आधी बघा, पण मल्टिमीटर घेऊन. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली नाही, चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंग पट्टी गंजलेली असेल तर ती घासून घट्ट करा.

“टाकीचं झाकण घट्ट करा”

हा सल्ला अमेरिकेतून आला आहे. तिथल्या गाड्या टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का, हे स्वतः तपासतात, त्यामुळे सैल झाकणानं पी ०४५५ हा मोठ्या गळतीचा कोड येतो. न्यू जर्सीतल्या भावाला तो उपयोगी पडेल. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ही गळतीची चाचणीच नसते.

“पीयूसी पास, मग काळजी कसली”

पीयूसी उभ्या गाडीची, बिनलोडची तपासणी आहे. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम ही मर्यादा. तिथे ओबीडीचे कोड कोणी वाचत नाही, आणि घाट चढताना होणारं मिसफायर त्या नळीत दिसत नाही. स्थिर पिवळा दिवा असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल आणि तापमान ठीक असेल, तर आठवड्याभरात तपासणी केली तरी चालते.

दिवा लुकलुकत असेल तर थांबायला हवं. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आहे, आणि थोड्याच वेळात आतली जाळी वितळू शकते. रेस कमी करा आणि गाडी बाजूला घ्या. टोइंग मिळत नसेल आणि कोडवरून सिलिंडर कळला असेल तर इंजिन बंद करून त्याच सिलिंडरच्या इंजेक्टरचा कपलर काढा. तिथलं पेट्रोल थांबतं. गाडी थरथरेल, पिकअप राहणार नाही, पण जवळच्या गॅरेजपर्यंतचे तीन-चार किलोमीटर हलक्या पायानं पार होतात.