फाशी झाली का?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहराच्या दक्षिणेला असलेल्या स्कॉट टाउनशिपमध्ये एक भारतीय किराणा मालाचे दुकान होते. 28 एप्रिल 2000 रोजी, शुक्रवारी दुपारी, रिचर्ड बॉमहॅमर्स नावाचा 34 वर्षांचा वकील रिव्हॉल्व्हर घेऊन त्या दुकानात शिरला. त्यापूर्वी त्याने माउंट लेबनन येथील आपल्या शेजारच्या ज्यू बाईंना ठार करून त्यांच्या घराला आग लावली होती आणि एका सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, गोळ्या झाडल्या होत्या. दुकानात एक भारतीय ग्राहक ठार झाला, तर दुकान सांभाळणाऱ्या भारतीय तरुणाच्या मानेत गोळी लागून त्याचे शरीर मानेखाली कायमचे लुळे पडले. पुढे कार्नेगी गावातील दुसरे सिनेगॉग, मग एक चिनी उपाहारगृह, मग बीव्हर काउंटीतील एक कराटेची शाळा, असा प्रवास करत त्याने आशियाई वंशाच्या दोघांना आणि एका कृष्णवर्णीय तरुणाला मारले. अँब्रिजमध्ये पोलिसांनी त्याला पकडले, तेव्हा मृतांची संख्या पाच झाली होती. गोऱ्यांखेरीज इतरांनी अमेरिकेत येऊ नये, असे तो उघडपणे मांडत असे. तो स्वतः लाटव्हियाहून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा होता आणि स्थलांतरविषयक कायद्याचाच वकील होता.

या शहरात मी आले ती त्यानंतर काही वर्षांनी. येथील जुन्या मराठी कुटुंबांत आजही त्या शुक्रवारचा विषय निघाला की बोलणे हळू होते, कारण किराणा आणायला त्या दिवशी कोणीही गेलेले असू शकले असते. अलीकडे पुण्याच्या दादाला फोनवर मी हे सगळे सांगितले, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "मग फाशी झाली का त्याला?" आणि खटला वर्षभरात संपल्याचे ऐकल्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडे बरं आहे गं. इथे नुसत्या तारखांवर तारखा."

दादाची तळमळ मला समजते, पण त्याच्या मनातील अमेरिका खरी नाही. आधी आरोपी खटला चालवण्यास मानसिकदृष्ट्या सक्षम नाही, असे ठरल्यामुळे त्याला काही महिने सरकारी मनोरुग्णालयात ठेवावे लागले होते. खटला उभा राहिल्यावर बचाव पक्षाने वेडसरपणाचा मुद्दा मांडला. त्याची कसोटी 1843 मधील इंग्लंडच्या मॅकनॉटन प्रकरणातून आलेली आहे, आणि आपल्या भारतीय दंड संहितेचे कलम 84 त्याच मुळातून उगवलेले होते: आपण काय करतो आहोत, ते चूक आहे, हे आरोपीला कळत होते का? त्याच्यावर अनेक वर्षे मानसिक उपचार झाले होते, यात वाद नव्हता. पण माणसे वंश आणि धर्म पाहून निवडणाऱ्याला ते कळत होते, असे ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, मानले आणि मे 2001 मध्ये मृत्युदंड सुनावला. ज्युरीचा तो निष्कर्ष मला योग्य वाटतो.

त्या शिक्षेला दोन तपांहून अधिक काळ लोटला आहे. अपिले झाली, 2010 मध्ये मृत्युदंडाची तारीखही ठरली आणि स्थगित झाली. पेनसिल्व्हेनियात शेवटचा मृत्युदंड 1999 मध्ये अमलात आला. 2015 मध्ये गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी अंमलबजावणी थांबवली आणि 2023 मध्ये त्यांच्यानंतरचे गव्हर्नर जॉश शपिरो यांनी तेच धोरण पुढे चालू ठेवत ही शिक्षाच रद्द करावी, असे विधिमंडळाला सांगितले. म्हणजे तारखांवर तारखा येथेही आहेत, फक्त त्या निकालानंतरच्या आहेत.

मला दादाशी खरे बोलायचे होते ते दुसऱ्याच एका दाव्याबद्दल. जखमी तरुणाने आणि मृतांच्या कुटुंबीयांनी आरोपीच्या आईवडिलांविरुद्ध दिवाणी दावे केले. मुलगा त्यांच्याच घरी राहत होता. त्याच्या मनाची अवस्था आणि त्याच्याजवळचे शस्त्र ठाऊक असूनही त्यांनी ते काढून घेतले नाही, कोणाला कळवले नाही, असा आरोप होता. आईवडिलांच्या घराचा विमा ज्या कंपनीकडे होता, तिने म्हटले की जाणूनबुजून केलेला गोळीबार हा अपघात नव्हे, तेव्हा आमचा संबंध नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ठरवले की आईवडिलांच्या बाजूने पाहता तो अपघातच आहे, म्हणून कंपनीने त्यांचा बचाव केला पाहिजे. मात्र त्यांचा कथित निष्काळजीपणा एकच, त्यामुळे सहा जणांवरील हल्ले मिळून घटनाही एकच, आणि विम्याची मर्यादाही एकदाच लागू. ती एक रक्कम सगळ्यांत वाटली जायची होती. दुकानातील तो तरुण सुमारे सात वर्षे लुळ्या शरीराने जगून त्याच वर्षी, 2007 मध्ये, वारला.

त्याची शुश्रूषा कोणी केली, त्याचा खर्च कोठून आला, हे विचारणारा माणूस मला आपल्या चर्चांत क्वचितच भेटतो. हैदराबादला 2019 मध्ये एका तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातील चार संशयित चकमकीत मारले गेले, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने ती चकमक बनावट ठरवली, तोवर उत्साह ओसरला होता. बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपीचा 2024 मध्ये पोलीस वाहनात मृत्यू झाला, तेव्हा मुंबईत 'बदला पुरा'चे फलक लागले. दंडाधिकारी चौकशीने पुढे पाच पोलिसांना जबाबदार धरले. दोन्ही वेळा माझ्या ओळखीच्या सुशिक्षित, सालस माणसांनी आनंद व्यक्त केला, आणि याचे मला मनापासून दुःख आहे. आरोपी मेला की प्रकरण मिटले असे आपण मानतो, मग जे जिवंत आहेत त्यांचा हिशेब उघडतच नाही.

पीडितांना भरपाई देण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357-अ आले आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 396 झाले आहे. भरपाईची रक्कम ठरवण्याचे काम राज्य किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असते. मी दादाला एवढेच मागितले आहे की पुढच्या वेळी गल्लीत मेणबत्त्या घेऊन लोक निघतील तेव्हा त्याने पुण्याच्या त्या कार्यालयात जाऊन विचारावे: जखमीच्या घरून अर्ज आला आहे का, आणि आला असेल तर तो कोठे थांबला आहे.