भाकरी फाडणारं पीनट बटर

सकाळपासून टाळूला जे चिकटलंय ते अजून सुटलेलं नाही. दोन कप चहा झाला, चूळ भरून झाली, जिभेनं खरवडून झालं. साडेतीनशे रुपये मोजून हे मीच घरात आणलंय, कुणी गळ्याला सुरी लावली नव्हती. म्हणून तर जास्त तिडीक जातेय डोक्यात.

नेहमीची बरणी संपली. त्यात दाणे आणि मीठ, बस्स. वर तेल तरंगायचं, ढवळायचं, खायचं. दुकानात गेलो तर ती नाही. "ती आता येत नाही सर, ही घ्या की, नवीन आलीय. भाळ चलो ऐत्री." म्हणजे लई चांगलं आहे. गल्ल्यावरचा हा माणूस वीस वर्षं माझ्याशी मराठीत बोलतोय. खरं पडून राहिलेला माल खपवायचा असला की लगेच कन्नडवर येतो. हे मला माहीत आहे. आणि तरी मी घेतली.

बरणीवर उगवता सूर्य, हिरवं शेत. 'नॅचरल' हा शब्द एवढा मोठा की बेळगावात टिळकवाडीत बरणी धरली तर पलीकडं शहापुरातनं वाचता यावा. आत काय घातलंय ते मात्र मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, तेही चंदेरीवर पांढरं. खिडकीत नेऊन, नाकाला लावून वाचलं. शेंगदाणे. मग साखर. मग पाम तेल. सगळ्यात शेवटी मीठ. जे जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे, म्हणजे साखर किती असेल बघा. आणि पाम तेल कशाला बाबा? दाण्यात मुळात जवळजवळ निम्मं तेलच असतंय की! वर तेल सुटलेलं दिसू नये करून आत आणखी तेल. हे ज्याला सुचलं त्याला पुढच्या जन्मी घाण्याला जुंपा.

आता भाकरी. ज्वारीची, गरम, टम्म फुगलेली. चमचाभर गोळा ठेवला आणि पसरायला गेलो. चमचा पुढं गेला, गोळा चमच्याला धरून राहिला आणि भाकरीचा पापुद्रा गोळ्याला धरून निघाला. आख्खा पापुद्रा! खाली वाफाळलेली उघडी भाकरी आणि हातात पापुद्र्यात गुंडाळलेलं लांबी भरायचं सामान. तसंच तोंडात टाकलं. दोन मिनिटं मला बोलता येईना. बायको विचारतेय, "अहो, कसं आहे?" आणि मी नुसता हात हलवतोय. नंतर चव आली. गोड! कुंदा गोड असावा, मान्य, आम्ही बेळगावची माणसं आहोत. खरं दाण्यानं गोड व्हायचं ते संक्रांतीला, शेंगापोळीत, गुळाबरोबर. सकाळी आठ वाजता नव्हे.

आणि वजन किती? 340 ग्रॅम. अर्धा किलो का नाही, पाव का नाही? एक लिटर तेल 910 ग्रॅम भरतंय, आता लिटरसारखीच दिसणारी पिशवी उचलून बघा, 850, 800, काय वाटेल ते. बिस्किटाचा पुडा तेवढाच, आत हवा. जुनी बरणी मोबाईलवरनं मागवावी म्हटलं, तर गावाच्या रकान्यात बेळगाव लिहिलं की चालत नाही म्हणतंय. 2014 ला कागदोपत्री बेळगावी झालं, ते लिहिलं तर पिनकोड जुळत नाही म्हणतंय. आणि जुळला असता तरी गाडी येणार कुठनं, गल्लीतला रस्ता पाइपसाठी तिसऱ्यांदा उकरून ठेवलाय.

म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे, घरीच करतो. रविवार पेठेतनं किलोभर दाणे आणले, खरपूस भाजले, सालं पाखडली. बायको म्हणाली थोडे थोडे घाला. मी ऐकतोय होय! भांडं गळ्यापर्यंत भरलं. आधी कूट झाला, मग लाडू झाला, मग करपल्याचा वास आला आणि मिक्सर बंद. कायमचा.

तो पिशवीत घालून, खड्डे चुकवत, स्कूटरवरनं दुरुस्तीवाल्याकडं नेला. पोरगं विशीतलं. त्यानं मिक्सर उलटा केला, बुडाचं लाल बटण बोटानं दाबलं आणि सुरू करून दाखवला. पाच सेकंद. पैसे देऊ केले तर घेईना. पंधरा वर्षं तो मिक्सर आमच्या ओट्यावर आहे, त्याच्या बुडाला बटण असतं हे घरात फक्त मलाच माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं. "तुम्ही विचारलं कुठं," म्हणाली.

आणि ती साडेतीनशेची बरणी? धाकट्यानं दुपारी चमच्यानं निम्मी संपवली. म्हणतोय, "बाबा, पहिल्यापेक्षा हेच भारी आहे, हेच आणत जावा."

दुरुस्तीवाल्यानं मिक्सर परत देताना विचारलं होतं, "काय वाटत होता काका?"

"दाणे."

"चटणीला काय?"

भांड्यात वाकून बघितलं. अर्धा कूट, अर्धा गोळा, कडेला करपलेला.

"होय," म्हटलं, "चटणीलाच." घरी येऊन त्यात लसूण, तिखट, मीठ घातलं.