‘स्थिर आकार म्हणजे मीटरचं भाडं’ म्हणणाऱ्यांनी बिल उलगडून बघावं

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चौघांनी पाठवला. थोडक्यात असा: वीजबिलातला स्थिर आकार म्हणजे मीटरचं भाडं. मीटर आपल्या पैशाचं, मग भाडं कशाला? कायद्यात असा आकार नाहीच. महावितरण मनाला येईल तेव्हा तो वाढवते, स्मार्ट मीटर बसलं की आणखी वाढतो. अर्ज केला की रद्द होतो, नाही झाला तर तेवढे पैसे कापून बिल भरा. पुतण्याने खाली विचारलं, “काका, खरंय का हे?” त्याला फोनवर सांगत बसण्यापेक्षा लिहून टाकतो.

भाड्याचा मुद्दा आधी. विद्युत कायदा २००३, कलम ४५, पोटकलम ३. वापरलेल्या विजेच्या दराखेरीज स्थिर आकार घेता येतो, असं तिथे लिहिलंय. त्याच्याच खाली वेगळ्या खंडात मीटरच्या भाड्याची तरतूद आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी एक नाहीत, आणि ‘कायद्यात नाही’ हेही खोटं.

स्मार्ट मीटरचं तर काहीच नाही त्यात. घरगुती ग्राहकाचा हा आकार सिंगल फेज की थ्री फेज यावर ठरतो, मीटर जुनं की नवं यावर नाही.

आता खरा राग ज्याचा आहे ते. वापर शून्य, तरी बिल का? आमचं दापोलीकडचं घर गणपती उरकले की थेट मे महिन्यात उघडतं. २०२४-२५ च्या दराने त्या बंद घराचं महिन्याचं बिल असं यायचं: वीज आकार शून्य, वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा) शून्य, स्थिर आकार १२८ रुपये, वीज शुल्क २० रुपये ४८ पैसे. एकूण १४८ रुपये ४८ पैसे. हे वीज शुल्क म्हणजे राज्य सरकारचा १६ टक्के कर, आणि तो स्थिर आकारावरही लागतो. न जाळलेल्या विजेवर कर! फिरणाऱ्या मजकुरात याबद्दल अवाक्षर नाही, याचं मला नवल वाटतं.

पण घराला कुलूप असलं तरी रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर काही काढून ठेवत नाहीत. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने आमच्याकडचे खांब आडवे केले. ते पुन्हा उभे करताना कुणाचं घर उघडं आणि कुणाचं बंद, हे बघून तारा ओढल्या नव्हत्या. तारांच्याही मागे मोठा खर्च आहे तो वीजखरेदीचा. वीजनिर्मिती केंद्रांशी जे दीर्घ मुदतीचे करार असतात, त्यात पैसे दोन भागांत द्यायचे असतात: घेतलेल्या युनिटचे वेगळे, आणि केंद्र तयार ठेवण्याचे वेगळे. दुसरा भाग वीज उचलली नाही तरी चुकत नाही. केंद्रापासून वीज लांबवर वाहून आणण्याचं, म्हणजे पारेषणाचं तसंच, पगारांचं तसंच.

या ठरलेल्या खर्चातला थोडाच भाग आपल्याकडून स्थिर आकार म्हणून येतो. उरलेला युनिटच्या दरात मिसळलेला असतो. युनिट खपत होते तोवर ते निभावलं. आता बरेच मोठे उद्योग वीज बाहेरून घेतात, घरांच्या छपरांवर सौर पॅनेल चढलीत, त्यामुळे युनिट कमी खपतात आणि ठरलेला खर्च तिथेच राहतो. मग कंपनी दराच्या याचिकेत स्थिर आकार वाढवून मागते. सिंगल फेजचा आकडा २०२२-२३ मध्ये १०५ होता, पुढच्या वर्षी ११६, त्यानंतर १२८.

‘मनाला येईल तेव्हा’ यातही पूर्ण तथ्य नाही. दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. याचिका, जाहीर सूचना, हरकती, जनसुनावणी असा तो मार्ग आहे. अर्थात मार्ग आहे म्हणून सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. २८ मार्च २०२५ चा दर आदेश महावितरणच्या अर्जावरून काही दिवसांतच स्थगित झाला आणि २५ जूनला फेरआढाव्याचा नवा आदेश निघाला. सामान्य ग्राहकाचा अर्ज इतक्या झटपट हलल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

पैसे कापून बिल भरायचा सल्ला मात्र पाळू नका. त्याच कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पंधरा दिवसांची नोटीस देऊन जोडणी तोडता येते, आणि मजकूर पाठवणारा ती जोडून द्यायला येणार नाही. घर कायमचंच बंद असेल तर जोडणी बंद करायचा अर्ज द्या. तोच एक अर्ज हा आकार थांबवतो.

भांडायचं असेल तर भांडायला जागा आहे, फक्त ती या मजकुरात नाही. आमच्या आळीतल्या एका मावशींचा वापर महिन्याला तीस युनिट: दोन दिवे, एक पंखा, संध्याकाळी टीव्ही. २०२४-२५ च्या दराने त्यांची वीज, वहन धरून, १७६ रुपये ४० पैशांची आणि स्थिर आकार १२८. कर सोडला तर शंभरातले बेचाळीस रुपये नुसत्या जोडणीचे. समोरच्या बंगल्यात एसी आहे, तीनशे युनिट जळतात, पण जोडणी सिंगल फेजच. त्यांनाही १२८, म्हणजे शंभरात चार. दारिद्र्यरेषेखालच्या वर्गाला कमी दर आहे, पण मावशी त्या यादीत बसत नाहीत.

दिल्लीत हाच आकार मंजूर भारावर, म्हणजे घराला एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे त्यावर, किलोवॅटमागे लागतो. तिथे २०१८ मध्ये तो दोन किलोवॅटपर्यंतच्या घरांना किलोवॅटमागे १२५ रुपये केला होता. ओरड झाली आणि २०१९ मध्ये तिथल्या आयोगाने तो २० वर आणला. पुतण्याला मी म्हटलं, पुढची याचिका लागेल तेव्हा हा भाराचा मुद्दा हरकतीत लिही, मावशींचं बिल सोबत जोड. बिलाची झेरॉक्स मी काढून ठेवलीय.