‘ऑपरेशन झालं, शुगर गेली’: त्या फॉरवर्डमधलं एकेक वाक्य

यंदा गणपतीला मुंबईकर गावी आले ते एक मेसेज घेऊनच. आता तो वाडीच्या ग्रुपवर आहे, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आहे, बचतगटाच्या ग्रुपवरही आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘वजन कमी करण्याचं ऑपरेशन केलं की डायबेटिस कायमचा जातो. आधी पथ्य नको, शुगर कितीही असली तरी चालते. ऑपरेशनच्या दिवसापासून गोळ्या, इन्सुलिन सगळं बंद. परत तपासायची कटकट नाही. आंबे, फणस, मोदक, काय हवं ते खा.’

मी कुडाळकडे औषधाचं दुकान चालवतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाचा डोस ठरवायला जात नाही. पण पट्टीवर काय छापलंय ते वाचणं माझं रोजचं काम, आणि या मेसेजमुळे सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो पट्टीवरच. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘कायमचा जातो.’ यात अर्धं खरं आहे, म्हणूनच लोकांना ते पटतं. पोट लहान करण्याची ‘स्लीव्ह’ किंवा पोट लहान करून अन्न आतड्यात पुढे वळवणारी ‘बायपास’ ही शस्त्रक्रिया झाल्यावर कित्येकांची शुगर पहिल्याच आठवड्यात खाली येते, वजन फारसं उतरलेलंही नसतं तेव्हा. खाणं एकदम घटल्यामुळे यकृतातली चरबी भराभर कमी होते. शिवाय बायपासमध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक जास्त सुटतं आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला लागतं. यात चमत्कार नाही आणि फसवणूकही नाही. पण पुढचं ऐका. स्वीडनमध्ये ऑपरेशन झालेल्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यातल्या मधुमेहींपैकी दोन वर्षांनी सुमारे ७२ टक्के लोक मधुमेहातून बाहेर होते. पंधरा वर्षांनी उरले सुमारे ३० टक्के. अमेरिकेत क्लीव्हलँडला १५० जणांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे आकडे २०१७ साली छापून आले. एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६ टक्के किंवा त्याखाली ठेवता आलं ते बायपासवाल्यांपैकी २९ टक्क्यांना, स्लीव्हवाल्यांपैकी २३ टक्क्यांना आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांना. ऑपरेशन औषधांपेक्षा सरस ठरलं यात वाद नाही. ‘कायमचा’ मात्र या आकड्यांत कुठे बसत नाही. मधुमेह वीस वर्षांचा जुना असेल, इन्सुलिन चालू असेल, तर आशा आणखी कमी, कारण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच फार उरलेल्या नसतात. आणि टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असा प्रकार, असेल तर ऑपरेशन होवो वा न होवो, इन्सुलिन कधीही बंद होत नाही. हे न सांगता मेसेज पुढे ढकलणारा माणूस कुणाच्या तरी जिवाशी खेळतोय.

‘आधी पथ्य नको.’ उलट आधीचे दोन आठवडे सगळ्यात सांभाळायचे. बहुतेक सर्जन तेव्हा अगदी कमी उष्मांकांचा आहार देतात. यकृताचा डावा भाग पोटावर आलेला असतो, तो आकसला की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला वाट मिळते. आता दोन्ही वेळचा भात बंद आणि गोळी मात्र नेहमीचीच, असं झालं तर शुगर ५०-६० वर येऊन माणूस घरातच कोसळू शकतो. म्हणून आहाराचा कागद हातात पडला त्याच दिवशी विचारायचं: माझ्या गोळ्या आणि इन्सुलिन किती कमी करू? आणि ‘कितीही असली तरी चालते’ म्हणाल, तर शुगर फार चढलेली असताना जखम चिघळायचा धोका वाढतो. एचबीएवनसी ७ च्या आसपास, जुन्या गुंतागुंतीच्या रुग्णात ८ पर्यंत आणावं, असा साधारण दंडक आहे.

डोळ्यांची तपासणीही आधीच करून घ्यावी. शुगर झपाट्याने उतरली की आधीपासून बिघडलेला पडदा काही जणांत आणखी बिघडतो.

‘ऑपरेशनच्या दिवसापासून सगळं बंद.’ या वाक्यावर मला खरं भांडायचं आहे. मधुमेहाचं औषध म्हणजे काही एकच वस्तू नव्हे.

ज्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं, त्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवसापर्यंत घेत राहणंच चूक. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन निदान तीन दिवस आधी थांबवतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली आणि आता ती गावोगाव दिली जाते. उपाशी पोटी ती चालू राहिली तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ग्लुकोमीटर मात्र दीडशे-पावणेदोनशेच दाखवतो. उलट्या, धाप, पोटात दुखणं; घरच्यांना वाटतं ऑपरेशनचाच त्रास.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या शुगर खेचून खाली आणतात. ऑपरेशननंतर चार घास पोटात जात असताना त्या धोक्याच्या, म्हणून बहुधा लगेच बंद होतात. इन्सुलिनचा डोस बराच उतरतो, पण तो रोजचे आकडे बघून डॉक्टर उतरवतात. इन्सुलिनवर असलेल्याने मनाने शून्यावर यायचं नसतं. मेटफॉर्मिन मात्र अनेकांना चालूच ठेवतात.

आणि इथेच गफलत होते. रुग्ण घरी येतो, कागदावर लिहिलेलं असतं: ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन चालू. घरातली पट्टी असते दोन्ही एकत्र असलेली. आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास दिल्या जातात. नावाच्या शेपटीला जो १ किंवा २ असतो तो बहुधा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो. म्हणजे मेटफॉर्मिन म्हणून गिळलेल्या गोळीत बंद केलेलं औषधही पोटात जातं. शिवाय त्या पट्टीवर ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर ती सावकाश विरघळणारी गोळी. बायपासनंतर तिचा भरवसा नाही आणि ती कुटून घ्यायची नसते. साधं मेटफॉर्मिन लिहून मागा. ‘ह्यो गोळ्यो परत घेशात काय?’ असं विचारत कुणी आलं की मी आधी डिस्चार्जचा कागद मागतो, पट्ट्या मग. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सर्जनपुढे, नाहीतर निदान जवळच्या औषधवाल्यापुढे ओतल्या तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. त्यात डायक्लोफिनॅकसारखी अंगदुखीची गोळी निघाली तर तीही वेगळी काढा. बायपासनंतर तिने पोट आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो.

‘परत तपासायची कटकट नाही.’ औषधं थांबवून निदान तीन महिने झाले आणि तरीही एचबीएवनसी ६.५ च्या खाली आहे, तर डॉक्टर त्याला मधुमेहातून सुटका म्हणतात. त्यानंतरही तपासणी वर्षाला निदान एकदा, जन्मभर. डोळे, किडनी, पाय यांचीही. सोबत बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व बघायचं. मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ आणखी घसरतं. लोह कमी असलं की एचबीएवनसीचा आकडाही फसवतो, म्हणून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचावेत.

सुनेचं बायपास झालेलं असेल आणि पुढे दिवस राहिले, तर आणखी एक गोष्ट. गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून करतात ती तपासणी अशा बाईला सोसत नाही. घेरी, घाम, जुलाब होऊ शकतात. आठवडाभर घरी बोट टोचून शुगर बघणं हा तिच्यासाठी पर्याय आहे. आरोग्य केंद्रात ऑपरेशनबद्दल आधीच सांगायचं, लपवायचं नाही. (लपवतात. वजनाचं ऑपरेशन म्हणजे काहीतरी लाजिरवाणं, असं अजून आपल्याकडे आहे.)

‘काय हवं ते खा.’ पहिले काही आठवडे तर पातळच खायचं असतं आणि तिथे आपला कोकणी जीव पेजेकडे, शहाळ्याकडे, साखरेच्या कोकम सरबताकडे धावतो. पेज म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. ताक, घोटून गाळलेलं पातळ वरण, आहारतज्ज्ञांनी होय म्हटल्यावर कुळथाची पातळ पिठी, मग काटे काढून कुस्करलेला मऊ मासा, असं चढत जावं. मोसमात हापूसच्या दोन फोडी कुणी नाकारत नाही. आमरसाची वाटी वेगळी. काजूच्या दिवसांतल्या हुर्राकाचंही सांगून ठेवतो: बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर आणि जास्त चढते, आणि शुगर पाडते.

एक त्रास तर वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर सुरू होतो, माणूस ऑपरेशन विसरून गेल्यावर. मोदक, आमरस, शिरा असं काही खाल्लं की तास-दोन तासांनी, कधी तीन तासांनी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. बायपास झालेल्या काही जणांत शुगर अशी खाली कोसळते, गोळी एकही चालू नसताना. लोक त्याला पित्त म्हणतात, नजर लागली म्हणतात. तेव्हा साखर तोंडात टाकावीच लागते, पण तेवढ्यावर थांबलं तर थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार. म्हणून मागोमाग उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे खावेत. आणि काय खाल्लं होतं, किती वाजता त्रास झाला, ग्लुकोमीटरवर किती आलं, हे लिहून सर्जनला दाखवावं. बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या तोंडात मात्र साखर कोंबू नका, १०८ ला फोन करा.